मोजणी, लय आणि विराम : टेलिफोनच्या डायलचं एक प्रकरण

३ नोव्हेंबर १८९२ रोजी अमेरिकेच्या इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट गावात ऑपरेटरशिवाय चालणारं जगातलं पहिलं व्यापारी टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं. ग्राहक ७५च्या आसपास, क्षमता ९९ची. या एक्स्चेंजची गोष्ट निघाली की सगळे आतल्या स्विचबद्दल बोलतात. मला मात्र तारेच्या दुसऱ्या टोकाला, ग्राहकाच्या भिंतीवरच्या पेटीपाशी थांबायचं आहे. त्या पेटीला डायल नव्हती. तारयंत्राला असतात तशा कळा होत्या. आकडा सात असेल तर कळ सात वेळा दाबायची, तीन असेल तर तीन वेळा. मोजायचं आपणच, मनातल्या मनात.

या कळांपासून आपल्या ओळखीच्या, भोकांच्या डायलपर्यंतचा प्रवास म्हणजे हे प्रकरण. काही वर्षांपूर्वी मी चोरबाजारातून एक जुना काळा फोन आणला. डायल उघडून टेबलावर मांडली, आणि दोन-तीन संध्याकाळी एकेक भाग हातात घेऊन पाहिला. स्प्रिंग, दातेरी चाक, दोन इवलीशी वजनं, संपर्काच्या पितळी पट्ट्या. प्रत्येक भाग माणसाच्या बोटाकडून होणारी कुठली तरी एक चूक थोपवण्यासाठी बसवलेला आहे, हे तेव्हा लक्षात आलं. चुका एकामागून एक कशा उघड झाल्या आणि एकेक कशी आवरली, तेवढंच इथे मांडतो.

आधी पार्श्वभूमी

आल्मन स्ट्राउजर हा कॅन्सस सिटीत अंत्यसंस्कारांची व्यवस्था पाहण्याचा व्यवसाय करायचा. आपली गिऱ्हाइकं ऑपरेटरबाई दुसऱ्याच व्यावसायिकाकडे वळवतात असा त्याचा समज झाला आणि त्या रागातून त्याने यंत्र सुचवलं, अशी आख्यायिका आहे. राग खरा असो वा नसो, पेटंट खरं आहे : अर्ज मार्च १८८९चा, मंजुरी मार्च १८९१ची. ऑपरेटर नको ही कल्पना काही त्याची एकट्याची नव्हती. कॉनोली बंधू आणि मॅकटाइ यांनी १८७९मध्येच स्वयंचलित एक्स्चेंजचं पेटंट घेतलं होतं. पण बाजारात टिकली ती स्ट्राउजरची वाट.

त्याची मूळ कल्पना साधी होती. एका नळकांड्याच्या आतल्या बाजूने ग्राहकांच्या तारांची टोकं ओळीने बसवायची. मध्ये एक दांडा, दांड्याला एक हात. विजेचा एक ठोका आला की विद्युतचुंबक खुंटी ओढतो, खुंटी दातेरी चाक एक दात पुढे ढकलते आणि हात एक पाऊल सरकतो. शतकाच्या कळीचे ठोके हाताला एका दिशेने नेणार, दशकाचे आणि एककाचे दुसऱ्या दिशेने. ३१५ हवा असेल तर पहिल्या कळीवर तीन, दुसरीवर एक, तिसरीवर पाच ठोके. बोलणं संपलं की सगळं मूळ जागी आणायला आणखी एक कळ.

कागदावर यात खोट काढायला जागा नाही. यंत्र आज्ञाधारक आहे, जितके ठोके द्याल तितकी पावलं टाकतं. पण ठोके देणारा कोण? दुकानदार, डॉक्टर, घरातली कुणी बाई. मध्येच कुणी हाक मारली की मोजणी विसरते. कळ अर्धवट दाबली की आपल्या हिशेबात ठोका धरला जातो, यंत्राच्या हिशेबात नाही. भराभर दाबली तर जड चुंबकाला खुंटी ओढून परत सोडायला वेळच मिळत नाही आणि दोन ठोक्यांचं एकच पाऊल होतं. आणि चूक झाली हे कळणार कधी? पलीकडून भलताच माणूस बोलला की. ऑपरेटर असती तर तिने नंबर उलट विचारून खात्री केली असती. यंत्राला ती सोय नव्हती.

शिवाय खर्च होता. प्रत्येक कामाला वेगळी कळ, म्हणजे प्रत्येक कळीला एक्स्चेंजपर्यंत वेगळी तार. एका ग्राहकामागे चार-पाच तारा आणि त्याच्याच घरात बॅटऱ्या. ९९ ग्राहकांच्या गावात हे कसंबसं निभावतं. हजार ग्राहक झाले की खांबांवर तारांचं जाळंच झालं असतं.

थोडक्यात, ग्राहकाच्या बोटावर तीन कामं पडली होती. किती ठोके ही मोजणी, कोणत्या वेगाने ही लय, आणि एक आकडा संपून दुसरा सुरू झाला हे सांगणारा विराम. कळा वेगवेगळ्या असल्यामुळे ला पोर्टमध्ये विरामाची अडचण जाणवली नाही. कळ बदलली की आकडा बदलला. पुढे तोच विराम सगळ्यांत जास्त छळणार होता.

मोजणी : बोटाकडून चकतीकडे

फिरत्या चकतीने ठोके पाठवायचं पेटंट स्ट्राउजरच्या नावावर डिसेंबर १८९१च्या अर्जाने आलं होतं आणि नोव्हेंबर १८९२च्या अखेरीस मंजूरही झालं. पण ला पोर्टचं एक्स्चेंज सुरू झालं ते कळांवरच. चकती प्रत्यक्षात आणली ती त्याच्या कंपनीतल्या दुसऱ्या माणसांनी : अलेक्झांडर कीथ, आणि जॉन व चार्ल्स हे एरिक्सन बंधू. एरिक्सन बंधू कॅन्ससमधल्या लिंड्सबर्गचे. तिथेच फ्रँक लुंडक्विस्टबरोबर ते स्वतःचं स्वयंचलित एक्स्चेंज उभारायच्या खटपटीत होते. मग हे सगळे स्ट्राउजरच्या कंपनीत आले आणि खरं यांत्रिक काम या मंडळींनी केलं. आधी वर चढणारा आणि मग आडवा फिरणारा जो स्विच पुढे सत्तर-ऐंशी वर्षं जगभर खडखडत राहिला, तोही यांच्याच हातचा, १८९५च्या सुमाराचा. स्ट्राउजर स्वतः १८९६मध्ये पेटंटं विकून बाजूला झाला. त्याचं नाव राहिलं ते ठीकच आहे. तरी डायलचं श्रेय विचाराल तर मी कीथ आणि एरिक्सनांनाच देईन.

त्यांच्या डायलच्या पेटंटचा अर्ज २० ऑगस्ट १८९६चा, मंजुरी ११ जानेवारी १८९८ची. त्याच वर्षी, १८९६मध्ये, विस्कॉन्सिनमधल्या मिलवॉकीच्या सिटी हॉलमध्ये डायल असलेले फोन बसले.

त्या डायलला भोकं नव्हती. चकतीच्या कडेला बाहेर आलेले कंगोरे होते, पाणचक्कीच्या पात्यांसारखे. ज्या आकड्याचा कंगोरा, त्यामागे बोट लावायचं आणि अडथळ्यापर्यंत ओढायचं. एवढ्याशा बदलाने मोजणी माणसाच्या डोक्यातून निघून गेली. सात वेळा दाबायचं हे काम ‘सात लिहिलेल्या जागेपासून ओढायचं’ असं झालं. मोजलं जातं ते अंतर, आणि अंतर चकतीवर आधीच कोरलेलं असतं. कुणी हाक मारली तरी चकती विसरत नाही.

आज हे इतकं उघड वाटतं की यात शोध कसला असा प्रश्न पडेल. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली ही सर्वांत मोठी उडी. आकडा हा आधी क्रियेची संख्या होता, तो आता जागा झाला. आकड्याची जागा दाखवून द्यायची ही पद्धत बटणांच्या फोनपर्यंत आणि मोबाइलच्या पडद्यापर्यंत तशीच चालत आली आहे.

लय : पुढे ओढताना नको, परत येताना हवी

सुरुवातीच्या डायलींमध्ये ठोके चकती पुढे ओढताना जायचे. त्यांच्यावर ना स्प्रिंगचं नियंत्रण होतं ना गव्हर्नरचं, म्हणजे वेग आवरणाऱ्या भागाचं. म्हणजे मोजणी चकतीकडे गेली, पण लय अजून बोटातच अडकलेली. घाईत असलेला माणूस चकती खसकन ओढणार, म्हातारं माणूस चाचपडत, मध्ये थांबत. पहिल्याच्या बाबतीत स्विचचा चुंबक मागे पडतो. दुसऱ्याच्या बाबतीत चकती दोन दातांच्या मध्येच रेंगाळते आणि संपर्क जुळलेला की सुटलेला हेच स्पष्ट राहत नाही. अशी डायल नीट चालवणं अवघड जातं असा अनुभव आला, आणि त्यात नवल काही नाही.

उपाय आला तो दिशा उलटवून. बोटाने चकती ओढायची ती फक्त स्प्रिंगला पीळ द्यायला. या ओढण्यात एकही ठोका जात नाही, कारण मधलं दातेरी चाक आणि खुंटी त्या दिशेला नुसतीच घसरतात. बोट सोडलं की स्प्रिंग चकतीला मागे आणते आणि ठोके त्या परतीच्या वाटेवर पडतात. परतीच्या वेगावर गव्हर्नरची नजर. माझ्या टेबलावरच्या डायलमध्ये तो म्हणजे एका वाटीत फिरणारी दोन छोटी वजनं. वेग वाढला की वजनं बाहेर फाकतात, वाटीच्या भिंतीला घासतात आणि वेग आवरतात. बोट सोडल्यावर ऐकू येणारा तो ‘कर्र्र्र’ आवाज, ज्याच्या आधारावर आपण डोळे मिटूनही आकडा ओळखायचो, त्यात या घर्षणाचा मोठा वाटा.

माणूस स्प्रिंगमध्ये ताकद भरतो आणि यंत्र ती आपल्या चालीने खर्च करतं. घाईचा असो की संथ, सगळ्यांचे ठोके सारखे. पुढे प्रमाण ठरलं सेकंदाला १० ठोक्यांचं. म्हणजे एका ठोक्याचा वाटा १०० मिलिसेकंद, आणि त्यात प्रवाह तुटलेला काळ सुमारे ६० ते ६७ मिलिसेकंद, जुळलेला काळ उरलेला. तुटण्याला जास्त वेळ का? एक्स्चेंजमधला लाइनचा रिले (विजेने चालणारा छोटा स्विच) सुटतो तेव्हाच स्विचचा जड चुंबक दांडा उचलतो. हलका रिले क्षणात हलतो, लोखंडी दांड्याला मात्र उसंत लागते. ती उसंत देण्याची जबाबदारी शहराच्या दुसऱ्या टोकाला, कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीतल्या दोन इवल्या वजनांवर होती. ही साखळी डोळ्यांसमोर आली तेव्हा मी डायल खाली ठेवून थोडा वेळ नुसता बसून राहिलो.

त्याच सुमाराला कंगोऱ्यांच्या जागी बोट घालायची भोकं आली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातले फोन पाहिले तर भोकांची चकती रुळलेली दिसते. कंगोऱ्यावरून बोट निसटतं, भोकातून निसटत नाही. बोट निसटलं तर चकती अर्ध्यावरून परत फिरते आणि सातचे चार होतात, म्हणून हा बदल महत्त्वाचा. यावर अधिक बोलण्यासारखं काही नाही. भोक हा चांगला उपाय होता आणि तो टिकला.

विराम : तारा कमी केल्या तेव्हा जागं झालेलं दुखणं

आता थोडं मागे जाऊन तारांकडे बघू. डायल आल्यावर चार-पाच तारांची गरज राहिली नाही. पण लगेच दोनच तारांवर काम भागलं असंही झालं नाही. मधल्या काळातली रचना होती दोन तारा आणि अर्थिंग. एक तार चढण्याची, दुसरी फिरण्याची. डायलवर पाच फिरवले की चढण्याच्या तारेवर पाच ठोके पडायचे, आणि आकडा संपताना डायल फिरण्याच्या तारेवर आपण होऊन एक ठोका टाकायची. त्याचा अर्थ : हा आकडा संपला, पुढच्या कामाला लागा.

मला ही रचना फार देखणी वाटते. आकडा कुठे संपला हे एक्स्चेंजला ताडावं लागत नव्हतं, त्याला तसं सांगितलं जात होतं. ग्राहक दोन आकड्यांमध्ये कितीही रेंगाळला किंवा लगोलग फिरवत गेला तरी गोंधळ नाही. वाक्याच्या शेवटी पूर्णविराम घातल्यावर वाचणाऱ्याला श्वास मोजावा लागत नाही, तसं.

पण प्रत्येक ग्राहकाच्या घरी अर्थिंग लागायचं. जमीन कोरडी पडली की त्याचा विरोध वाढतो. शेजारच्या विजेच्या तारांची कुरकुर जमिनीतून बोलण्यात शिरते. आणि तेव्हा सगळीकडे वारं वाहत होतं ते बॅटरी ग्राहकाच्या घरातून काढून एक्स्चेंजमध्ये आणायचं, म्हणजे दोन तारांच्या एकाच वळशातून बोलण्याची वीजही जाईल आणि ठोकेही. विसाव्या शतकाच्या त्याच पहिल्या दशकात स्ट्राउजर यंत्रणा दोन तारांवर आली. अर्थिंग गेलं, घरातल्या बॅटऱ्या गेल्या, ग्राहकाची पेटी हलकी आणि स्वस्त झाली. निर्णय योग्यच होता. पण त्याबरोबर तो ‘आकडा संपला’ सांगणारा वेगळा ठोकाही गेला.

आता एकाच वळशावर सगळं. वळसा जुळला म्हणजे रिसीव्हर उचलला. वळसा थोडा वेळ तुटला म्हणजे ठोका. बराच वेळ तुटला म्हणजे रिसीव्हर ठेवला. आणि वळसा तुटणं थांबून जुळलेलाच राहिला, म्हणजे आकडा संपला. चारही अर्थ फक्त वेळेच्या फरकाने ओळखायचे.

ही ओळख एक्स्चेंजच्या बाजूला सावकाश सुटणाऱ्या रिलेवर सोपवली गेली. रिलेच्या गाभ्यावर तांब्याचं जाड कडं बसवलं की प्रवाह तुटल्यावरही त्यातलं चुंबकत्व लगेच ओसरत नाही, रिले क्षणभर धरून राहतो. एक रिले लाइनचे ठोके जसेच्या तसे घेतो. दुसरा, कडंवाला, ठोक्यांच्या छोट्या फटींमध्ये धरून राहतो आणि ग्राहकाने खरोखर रिसीव्हर ठेवला तरच सुटतो. तिसरा ठोके चालू असेपर्यंत धरतो आणि ते थांबले की थोड्या वेळाने सुटून स्विचला पुढचं काम देतो. इतकी सोपी वस्तू, आणि शहरभरच्या फोनांची भाषा तिने वाचली.

पण बघा, बंधनं आता डायलवर किती घट्ट बसली. परतीचा वेग फार मंदावला, तेल सुकलं, धूळ साचली, तर दोन ठोक्यांमधली फट लांबते. एक्स्चेंजला वाटतं आकडा संपला किंवा फोनच ठेवला. वेग फार वाढला तर चुंबक मागे पडतो. म्हणून गव्हर्नर जपावा लागायचा. तो बिघडला की नंबर चुकीचे लागू लागत.

खरी कसोटी मात्र दोन आकड्यांमधल्या विरामाची. स्ट्राउजर एक्स्चेंजमध्ये पहिला आकडा आला की पहिला सिलेक्टर, म्हणजे वाट निवडणारा पहिला स्विच, तितके मजले चढतो. मग तो आपण होऊन आडवा फिरतो आणि त्या मजल्यावरच्या दहा वाटांमधली रिकामी वाट शोधतो, सेकंदाला तीसेक पावलांच्या वेगाने. शेवटची वाटच रिकामी निघाली तर या शोधाला सेकंदाचा जवळपास तिसरा हिस्सा लागतो. तेवढ्यात पुढच्या आकड्याचे ठोके येऊन धडकले तर ते ऐकायला समोर कुणीच नसतं. पहिले एक-दोन ठोके हवेत जातात, पाचाचे तीन होतात, आणि फोन वेगळ्याच घरी वाजतो.

चकती ओढायला ग्राहकाला जो वेळ लागतो तोच विराम पुरेसा होईल असं वाटणं साहजिक आहे. ९ किंवा ० ओढताना तो पुरतोही. पण १ साठी चकती जेमतेम हलवायची असते आणि सराईत बोट ते डोळ्याचं पातं लवायच्या आत करतं. म्हणून पुढच्या डायलींमध्ये परतीच्या वाटेचा एक तुकडा मुद्दाम मुका ठेवला. ब्रिटिश डायलींमध्ये घसरणारी एक छोटी कॅम (उंचवटा असलेली चकती) असायची. तिच्यामुळे दोनेक ठोक्यांइतका, म्हणजे साधारण २०० मिलिसेकंदांचा काळ ठोक्याविना जातो. बोट कितीही चपळ असो, इतका विराम पडणारच. अर्थिंगबरोबर टाकून दिलेला पूर्णविराम असा कॅमच्या रूपाने परत आला, फक्त आता तो शांततेने लिहिला जात होता.

बोटाच्या बाकीच्या चुका

मोजणी, लय आणि विराम यंत्राकडे गेल्यावरही काही फटी उरल्या. त्यांपैकी काहींवर उत्तर डायलमध्ये मिळालं, काहींवर नंबरांच्या योजनेत.

ठोके जाताना रिसीव्हर कानाला असतो. प्रत्येक ठोक्याला कानात खटका बसायचा. शिवाय तोंडासमोरच्या कार्बनच्या ट्रान्समीटरचा विरोध आवाजाने कमीजास्त होतो आणि त्याने ठोक्यांचा आकार बिघडू शकतो. म्हणून चकती मूळ जागेवरून हलली की लगेच जुळणाऱ्या आणखी दोन पट्ट्या बसवल्या. डायल परत येईपर्यंत बोलण्या-ऐकण्याचा भाग बाजूला काढला जातो.

रिसीव्हरखालचा हुक चुकून दाबला गेला तरी वळसा तुटतो आणि एक्स्चेंजला तो १ वाटतो. वाऱ्याने वरच्या तारा एकमेकींना चिकटून सुटल्या तरी तेच. म्हणून नंबराची सुरुवात १ने करायला अनेक देशांत टाळाटाळ होती. अमेरिकेतल्या बेल टेलिफोन कंपनीच्या विल्यम ब्लॉव्हेल्टने १९१७मध्ये डायलवर अक्षरं मांडली तेव्हा ती २ ते ९ वर गेली, १ कोरा राहिला. १९३७मध्ये लंडनमध्ये मदतीसाठी ९९९ सुरू केला तेव्हाही हाच विचार होता. १११ तर वादळी रात्री तारा आपसूक फिरवतील. ९ हा डायलच्या टोकाला, ०च्या शेजारी, अंधारातही बोटाने चाचपून सापडतो. न्यूझीलंडमध्ये डायलवर आकडे उलट्या क्रमाने छापलेले होते. तिथे १ म्हणजे नऊ ठोके. म्हणून तिथला मदतीचा १११ आणि लंडनचा ९९९ एक्स्चेंजला एकसारखेच ऐकू येतात. आपला पोलिसांचा १०० म्हणजे एक अधिक दहा अधिक दहा, एकूण २१ ठोके. घाबरलेल्या माणसाला ०ची चकती दोनदा परत येईपर्यंत किती युगं वाटत असतील.

लांबच्या कॉलसाठी कोड आले तेव्हा ठोक्यांचा हिशेब यंत्रांच्या वेळेचाही हिशेब झाला. अमेरिकेने १९४७च्या योजनेत न्यूयॉर्कला २१२ दिला : एकूण पाच ठोके, त्या पद्धतीत याहून कमी शक्यच नव्हते. पुण्याचा जुना ०२१२ ज्यांच्या हाताला सवयीचा होता त्यांनी मोजून बघावं, पंधरा होतात. गोव्याचा ०८३२ तेवीस.

एक फट डोळ्यांची होती. १९४९-५०च्या सुमाराला बेलने नवा फोन आणला आणि आकडे भोकांच्या आतून काढून चकतीबाहेरच्या कड्यावर मांडले. आता ते मोठे आणि झाकले न जाणारे. लोकांचा वेग वाढेल असा अंदाज होता. तो उलट कमी झाला. बोटाला नेम धरायला भोकात काही उरलं नव्हतं. बेल लॅबमधल्या जॉन कार्लिनने सुचवलं, प्रत्येक भोकाखाली मध्यभागी एक पांढरा ठिपका द्या. ठिपके दिले आणि वेग परत आला. साठ वर्षं गिअर आणि स्प्रिंगांवर इतकी बारकाई केल्यावर शेवटची सुधारणा रंगाच्या ठिपक्याने व्हावी, हे मला फार भावतं.

आपल्याकडे

भारतात पहिलं स्वयंचलित एक्स्चेंज सिमल्यात १९१३-१४मध्ये आलं, ७०० लाइनींचं. स्वातंत्र्यानंतर १९४८मध्ये बंगळूरला इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज (आयटीआय) ही सरकारी कंपनी उभी राहिली आणि तिथे स्ट्राउजर यंत्रणा बनू लागली. १९६०च्या नोव्हेंबरमध्ये लखनौ-कानपूरदरम्यान एसटीडी सुरू झाली आणि ट्रंक कॉलसाठी ताटकळणं हळूहळू संपत गेलं. कीथ आणि एरिक्सनांची चकती महाराष्ट्रातल्या घरांत पोचली ती अशा वाटेने, क्रोशाच्या रुमालाखाली झाकलेल्या काळ्या फोनच्या रूपात. आपल्या भाषेत ती अजून आहे. ‘जरा आत्याला फोन फिरव’ असं आजही घरात ऐकू येतं आणि फिरवायला समोर काहीही नसतं.

या प्रकरणाचा माझ्यापुरता एक तुकडा सांगायचा राहिला. काकांच्या घरच्या फोनला १च्या भोकात एक छोटं कुलूप असे. बिल फार यायचं म्हणून. १ फिरवला की कुलूप अडथळ्याला टेकायचं, पुढचा कुठलाही आकडा फिरत नसे. दुपारी मोठी माणसं झोपली की माझा चुलतभाऊ, आमचा दादा, रिसीव्हर उचलायचा आणि हुकावर बोटाने टकटक करत नंबर लावायचा. चारला चार टकटक, मग थांबायचं, दोनला दोन, मग थांबायचं. त्याला जमायचं. एकदा मी हट्ट धरला.

‘‘एका लयीत मार. आणि आकडा संपला की थांब, घाई करू नकोस,’’ दादा कुजबुजला.

पहिले तीन आकडे मी बरोबर मारले. चौथा ८ होता. पाचव्या-सहाव्या ठोक्यापाशी आतल्या खोलीत काकूंच्या बांगड्या वाजल्या, माझं लक्ष तिकडे गेलं, आणि किती झाले हेच आठवेना. तरी उरलेले आकडे रेटले. पलीकडे घंटा वाजली आणि एका अनोळखी आजीबाईंनी उचलला.

‘‘कोण पाहिजे, बाळा?’’

मी रिसीव्हर ठेवला. दादाने तो पुन्हा उचलून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, ‘‘आता मोठ्याने मोज.’’